राजा किंमत विचारत नसे

एका राज्यात, जिथे पाखरे माणसांशी बोलत आणि डोंगर रात्रीतून कूस बदलत, उदयकेतू नावाचा राजा होता. त्या राज्याची एक रीत होती. राजाने किंमत म्हणून विचारायची नाही. वस्तू आवडली की बोट दाखवावे आणि पुढे चालावे. किंमत विचारली तर राजात आणि गिऱ्हाइकात फरक तो काय राहिला, असे दरबार म्हणे.

राणी गेली आणि राजवाडा ओस पडला. राजाला एक लहान मुलगी होती, शर्वाणी. पण तिच्याकडे पाहिले की त्याला राणी आठवे, म्हणून तो तिच्याकडे पाहत नसे. हे त्याचे चुकलेच. पण दुःखी राजाला कोण बोलणार?

अशा वेळी कृष्णजट नावाचा मांत्रिक दरबारी आला. तळहातात मावेल अशी रुप्याची पट्टी त्याने राजापुढे ठेवली.

"महाराज, ही ज्या वस्तूला टेकवाल ती वस्तू आपली. खजिना उघडायला नको. आज घ्यावे, सवडीने द्यावे."

काय द्यावे, ते राजाने विचारले नाही.

मग काय विचारता! आपोआप वाजणारी वीणा आली, नाचणारे कारंजे आले, कोणी बसत नाही अशा दालनांना झुंबरे आली. नवी वस्तू आली की राजाचा एक दिवस बरा जाई. दुसऱ्या दिवशी वीणा वाजत असे आणि तो एकटाच ऐकत असे.

अमावस्येच्या सकाळी मांत्रिकाचा करकोचा कठड्यावर उतरे. गोड बोले. "चिमूटभर सोने द्यावे, महाराज. तेवढ्याने भागते. बाकीची घाई नाही." राजा चिमूट देई आणि सुटलो म्हणे. सुटला कसला! उरलेल्या देण्यावर व्याज चढत होते, आणि ते व्याज सोन्याचे नव्हते. दर अमावस्येला मांत्रिक राजाच्या कानांतून एका ओळखीच्या माणसाचा आवाज काढून नेई.

आधी द्वारपालाचा गेला. राजाला वाटले, हा रुसला असेल. मग स्वयंपाकिणीचा, मग भाटाचा, मग वृद्ध प्रधानाचा. ओठ हलत, ऐकू काही येत नसे. विचारायचे कसे, याचीही राजाला लाज वाटे. राजवाडा जितका मुका झाला, तितके तो अधिक घेत सुटला. देणे फुगले तेव्हा करकोच्याने सोन्याची पट्टी आणली. "हिने पहिलीचे देणे फेडावे." राजाने फेडले. रुप्याची पट्टी मोकळी झाली, म्हणून तिच्यावर पुन्हा खरेदी सुरू झाली. आता दोन पट्ट्यांचे दोन आवाज जाऊ लागले.

एके दिवशी शर्वाणी धावत आली. तिचा दात पडला होता आणि तो तिने मुठीत धरला होता. ती जवळ उभी राहून सांगत होती, तरी राजाला ते भिंतीपलीकडून आल्यासारखे ऐकू आले. तो उठून राणीच्या दालनात गेला.

राणीची साळुंकी पिंजऱ्यात बसून होती. त्या राज्यातली पाखरे विचारल्यावाचून बोलत नसत, मांत्रिकाचा करकोचा तेवढा परका, आणि तिला कोणी काही विचारलेच नव्हते. राजाने पिंजऱ्यापुढे मान खाली घातली.

"साळुंके, मला झाले तरी काय?"

साळुंकीने सगळे सांगितले. शेवटी म्हणाली, "राजवाड्यात एकाच माणसाचा आवाज उरला आहे. येत्या अमावस्येला तो जाईल. देणे फिटले तर गेलेले आवाज परत येतील. तीन कामे करा. पट्ट्यांना हात लावू नका. घेतलेले स्वतः बाजारात उभे राहून विका. आणि मांत्रिकाला विचारा, एकूण किती."

पहिले काम बसून करायचे होते, म्हणून राजाला ते सोपे वाटले. पण पट्ट्या उशीखालून हाका मारीत, "एकच वस्तू, अगदी लहानशी." राजा मुक्या दालनात हात मांडीखाली धरून बसे. राणी गेल्यापासून तो रडला नव्हता, तो तिथे रडला.

दुसऱ्या कामाला तो बाजारात उभा राहिला. परक्या माणसांचे आवाज त्याला ऐकू येत होते, आणि तेच आता नकोसे झाले.

"कारंजे? आणि ते ठेवू कुठे, महाराज? चुलीपाशी?" एक कासारीण म्हणाली.

"द्याल ते द्या," राजा म्हणाला.

ज्यापायी मोहरांची रास देणे झाली होती, त्याला मूठभर नाणी आली. त्याने ती घेतली.

तिसऱ्या कामाला, अमावस्येच्या दिवशी, तो मांत्रिकाच्या गुहेत गेला. मांत्रिकाचा आवाज मात्र त्याला कधीच ऐकू यायचा थांबला नव्हता. सावकाराचा आवाज देणेकऱ्याला ऐकू येतोच.

"एकूण किती?" राजाने विचारले.

मांत्रिकाचा चेहरा उतरला. विचारल्यावर खरे सांगणे त्याला भाग होते. त्याने आकडा सांगितला. राजाने आणलेले सगळे सोन्याच्या पट्टीवर ओतले, कारण तिची भूक मोठी होती. ती तडकली. रुप्याची तशीच राहिली.

"मग आज राजकन्येचा आवाज," मांत्रिक म्हणाला आणि त्याने रत्नजडित पट्टी पुढे केली. "किंवा ही घ्या. हिने रुप्याचे देणे फेडा. आज मी काही नेत नाही."

राजाचा हात पुढे झाला. मग थांबला.

"हिची किंमत?"

"पुढच्या अमावस्येला तोच आवाज. आणि मग तो परत नाही."

राजाने हात मागे घेतला. "आजच न्या," तो म्हणाला. "मी सोडवून आणीन."

घरी आला तेव्हा शर्वाणीचे ओठ हलत होते. राजाने तिला जवळ बसवून सगळे सांगितले, आपली चूकही सांगितली. तिने पुष्कळ दिवस बोलून पाहिले. मग तिने बोलणे सोडले. राजा मात्र रोज तिच्याजवळ बसू लागला आणि तिच्याकडे पाहू लागला.

रिकामी दालने त्याने विणकरांना भाड्याने दिली. नवे काही घेतले नाही. दर अमावस्येला करकोचा चिमूट मागे, राजा ओंजळ देई. करकोच्याचे गोड बोलणे आटले. देणे उतरू लागले तसा द्वारपालाचा खोकला ऐकू आला, मग स्वयंपाकिणीचे ओरडणे, मग प्रधानाचे कुरकुरणे. शेवटच्या ओंजळीला रुप्याची पट्टी तडकली, आणि मांत्रिक त्या राज्यातून निघून गेला.

राजा धावत मुलीकडे गेला. "शर्वाणी, बोल. आता ऐकू येते."

ती बोलली नाही. तिचा विश्वास नव्हता. तिने राजाकडे पाठ केली, म्हणजे ओठ दिसू नयेत, आणि अगदी हळू म्हणाली, "मला आईची आठवण येते."

"मलाही येते, बाळ," राजा म्हणाला.

तेव्हा ती वळली. दिवस मावळेपर्यंत दोघे राणीविषयी बोलत बसले, आणि त्या राजवाड्यात पुन्हा माणसे राहू लागली.