धुतलेल्या पायांचं पाणी

फार फार वर्षांपूर्वी, समुद्रकाठच्या एका गावात, गोड्या पाण्याच्या एकुलत्या एका विहिरीवर भांडण जुंपलं होतं. ते इतकं रंगलं होतं की माडांवरचे कावळेसुद्धा गप्प बसून ऐकत होते.

"दोर सोड, कोंसूबाय!"

"नाही सोडत."

"बारा कळशा भरायच्या आहेत. ऊन कलायला लागलं. मिस्सेची वेळ होत आली."

"होऊ दे. धुतलेले पाय पुन्हा धुवायला बारा कळशा? अरे बस्त्याव, तू पाटील झालास म्हणून तुझी अक्कल समुद्रात टाकून आलास काय?"

बस्त्याव पाटलाने कपाळावरचा घाम पुसला. कोंसूबायने त्याला लहानपणी शेंबूड पुसून शाळेत पाठवलं होतं, त्यामुळे तिच्यापुढे त्याचा पाटीलपणा जरा आखूड पडे. पण आज तो मागे हटणार नव्हता.

कोंसूबाय ही त्या विहिरीची राखणदार. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायला लागे, म्हणून गावाने नियम केला होता: घरटी रोज दोन हंडे, आणि दोर कोंसूबायच्या हातात. का, तर ती कोणाला अर्धा तांब्या जास्त देणार नाही ही सगळ्यांची खात्री. तिने सख्ख्या भावाला एकदा रिकाम्या कळशीनिशी परत पाठवलं होतं. भाऊ वर्षभर बोलला नाही. "नाही बोलला तर नाही बोलला, घशाला तेवढीच विश्रांती," असं ती म्हणाली होती.

तो दिवस होता पवित्र गुरुवारचा. प्रभू येशूने आपल्या शिष्यांचे पाय स्वतःच्या हातांनी धुतले, त्याची आठवण म्हणून त्या गावातही फादर संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत, बारा जणांचे पाय धुवत. एवढ्यापर्यंत सगळं ठीक होतं. पण ज्या बारा खुर्च्यांवर ते बारा जण बसत, त्या खुर्च्या बारा घराण्यांच्या झाल्या होत्या. बापामागून मुलगा, मुलामागून नातू. प्रत्येक घराण्याची पितळी कळशी वेगळी, आणि कळशीवर घराण्याचं नाव कोरलेलं. एकाच्या कळशीतलं पाणी दुसऱ्याच्या पायांवर पडलं तर वर्षभर कुरबुर.

आणि फादरांसमोर मळके पाय पुढे करायचे म्हणजे लाज. म्हणून ही बारा माणसं दुपारीच घरी पाय धूत. एकदा नाही, दोनदा. टाचांना वजरी घासत, वर खोबरेल चोळत. मागच्या वर्षी एकाने अत्तर लावलं होतं. फादर त्याच्या पायावर वाकले आणि सात वेळा शिंकले. गाव म्हणालं, फादरांना देवाने स्पर्श केला.

"दरवर्षी ते पाणी मीच नेऊन केळींना घालते," कोंसूबाय म्हणाली. "जसं जातं तसंच परत येतं. नितळ. तळाला वाळूचा एक कण नाही. मग धुतलं काय तुम्ही, सांग मला? काय धुतलं?"

"ती रीत आहे, बाय."

"आणि ही कोण आहे?"

विहिरीच्या कठड्यापासून चार हात लांब एक बाई उभी होती. भागी तिचं नाव. कडा फुटलेलं मडकं तिने पोटाशी धरलं होतं. तीन वर्षांपूर्वी डोंगरापलीकडून जी माणसं गावच्या मिठागरात कामाला आली, त्यांतली ती. ती माणसं दिवसभर खारट चिखलात उभी राहून मीठ ओढत. गावाच्या प्रत्येक जेवणात त्यांचं मीठ होतं. गावाच्या विहिरीत त्यांचा एक थेंब नव्हता, कारण नियम होता घरटी दोन हंड्यांचा, आणि ज्याच्यावर कौलं नाहीत ते घर नाही, असं गावाने ठरवलं होतं. झोपड्यांना झावळ्या होत्या. झावळ्या म्हणजे घर नव्हे. झोपडीवाल्यांनी मिठागराच्या बांधाजवळच्या डबक्यातलं पाणी प्यावं. ते मचूळ होतं, पण त्याने अजून कोणी मेलं नव्हतं, असं पाटील म्हणे.

भागीचा नवरा चांगो. मिठाने त्याचा उजवा पाय चिरला, चीर चिघळली, आता पाय घोट्यापर्यंत काळा पडत आला होता. वैदू येऊन बघून गेला. म्हणाला, दिवसातून तीनदा गोड्या पाण्याने जखम धुवा आणि पाला बांधा. डबक्याचं पाणी लावलंत तर चार दिवसांनी मी करवत घेऊनच येईन.

त्याला आज तीन दिवस झाले होते.

"एक मडकं," भागी म्हणाली. "पाटील, एकच मडकं. प्यायला नको. आम्ही डबक्याचं पिऊ. पायापुरतं द्या."

"बाई, मी काय राक्षस आहे?" पाटील कळवळून म्हणाला, आणि तो खरंच राक्षस नव्हता. त्याला वाईट वाटत होतं. "पण आज तुला दिलं की उद्या वीस झोपड्या मडकी घेऊन येतील. आजचं वाटप होऊन विहिरीत उरलं किती? बारा-तेरा कळशा. नियम एकदा मोडला की मोडला. हा नियम कोणी राखला इतकी वर्षं? या कोंसूबायनेच ना? विचार तिला, मागच्या उन्हाळ्यात तुला विहिरीवरून कोणी हाकललं?"

कोंसूबायने भागीकडे पाहिलं आणि लगेच नजर विहिरीत वळवली.

कारण ते खरं होतं. मागच्या उन्हाळ्यात ही भागी अशीच आली होती, पोटुशी, आणि कोंसूबायने दोर आवळून धरत म्हटलं होतं, "मागे हो. तुझं नाव नाही." किती ठसक्यात म्हटलं होतं! घरी जाऊन आपण किती चोख आहोत म्हणून समाधानाने भात जेवली होती. त्या भातात मीठ होतं. कोणाचं मीठ, हा विचार तेव्हा तिच्या मनाला शिवला नव्हता.

आता तिला संताप आला, आणि तो नेमका कोणावर काढावा हे समजेना. म्हणून तिने तो पोहऱ्यावर काढला. पोहरा कठड्यावर असा आपटला की कावळे उडाले.

"हो, मीच हाकललं!" ती ओरडली. "मीच ती गाढवीण! नियम कोणाचा, कशासाठी, काही विचारलं नाही. दोर हातात मिळाला, झालं! म्हातारीला वाटलं राज्य मिळालं!"

तेवढ्यात पाटलाला तोडगा सुचला. त्याचा चेहरा उजळला.

"ऐक, बाय. दोन्ही गोष्टी होतील. आधी बारा कळशांनी पाय धुऊ. मग ते पाणी केळींना न घालता सगळं एका हंड्यात गोळा करू आणि चांगोला देऊ. तूच म्हणतेस ना ते नितळ असतं? फादर वेदीवरून जाहीर करतील. गावाला पुण्य लागेल."

"आमच्या पायांचं पाणी?" कोंसूबाय कडाडली. "तू त्या माणसाला आमच्या पायांचं पाणी देणार, आणि वर पुण्य घेणार?"

"मी घेईन ते," भागी म्हणाली.

दोघंही तिच्याकडे वळले.

"मी घेईन, पाटील. तुमच्या पायांचं असलं तरी घेईन. त्याचा पाय राहिला पाहिजे. पाय गेला तर तो मिठागरात उभा राहायचा नाही, आणि तो उभा नाही राहिला तर तुम्ही आम्हाला झोपडीत ठेवायचे नाहीत. मला कसलंही पाणी चालेल. फक्त मिस्सा लवकर आटपा."

इतक्यात चर्चच्या पायऱ्या उतरून फादर घाईघाईने आले. आरडाओरडा थेट वेदीपर्यंत पोहोचला होता.

"आज तरी भांडू नका, माझ्या लेकरांनो," फादर म्हणाले. "पवित्र दिवस आहे. पाटील, थोडी दया दाखवा. आणि बाय, तुम्हीही जरा सबुरीने घ्या."

"फादर, तुम्ही तर बोलूच नका!"

फादर दचकले. या गावात त्यांना असं कोणी म्हटलं नव्हतं.

"दहा वर्षं तुम्ही बारा तेलकट पाय धुताय. कधी विचारलंत, हे पाय एवढे गुळगुळीत कसे? प्रभूसमोर जे बसले होते ते काय वजरी लावून आले होते? रस्ता तुडवून आले होते ते. धुळीने भरलेले, भेगा पडलेले. म्हणून तर त्याने पाणी घेतलं! तुम्ही दर रविवारी वाचून दाखवता, देवाने माणूस आपल्यासारखा घडवला. मी अडाणी, मला वाचून माहीत नाही, ऐकून माहीत आहे. त्या पुस्तकात कौलांबद्दल काही लिहिलंय का? कौलारू माणूस देवासारखा आणि झावळीखालचा माणूस कोणासारखा? सांगा की!"

फादर हळूच म्हणाले, "कौलांबद्दल काही नाही लिहिलेलं, बाय."

"मग?"

"मग मीच कधी नीट वाचलं नाही."

पाटील आता एकटा पडला होता, आणि एकटा पडलेला माणूस वाडवडिलांना हाक मारतो. "विहीर माझ्या आजोबांनी खणली आहे!" तो म्हणाला.

"खणली," कोंसूबाय म्हणाली. "पाणी काय त्यांनी ओतलं आत?"

आणि तिने पोहरा सोडला. कप्पी करकरली, दोर सरसर गेला, खालून पोहरा बुडाल्याचा आवाज आला. पाटलाने हात पुढे केला आणि मागे घेतला. कोंसूबायने भागीला खुणेने जवळ बोलावलं. भागी कठड्याला टेकायला बिचकत होती. म्हातारीने तिचं मनगट धरून तिला पुढे ओढलं आणि मडकं काठोकाठ भरलं.

पुढे काय झालं ते आधी ऐका. भांडण मिटलं कशाने, ते त्यानंतर.

फादरांनी एक कळशी आणि खांद्यावरचा पंचा घेतला आणि ते भागीच्या मागोमाग मिठागराच्या बांधावरून चालत गेले. झोपडीत गुडघ्यांवर बसून त्यांनी चांगोचा पाय धुतला. चांगो दोनदा ओरडला, "हळू हो फादर, पाय आहे तो!" पाणी पहिल्यांदा काळं आलं, मग लाल, मग कुठे नितळ झालं. इकडे चर्चमध्ये बारा जण तेल लावलेले पाय पुढे करून बसून राहिले, आणि पायांवर माश्या बसू लागल्या. त्या दिवशी मिस्सा दिवेलागणीनंतर सुरू झाली.

चांगोचा पाय वाचला. दोन बोटं मात्र गेली. वैदू म्हणाला, तीन दिवस आधी पाणी मिळतं तर तीही राहिली असती. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक झोपडीला दोन हंडे मिळू लागले, आणि कौलारू घरांचे हंडे जरा कमी भरू लागले. गाव कुरकुरलं, पण तहानेने कोणी मेलं नाही. बारांपैकी दोन घराणी रुसली ती रुसलीच. उरलेल्यांना फादरांनी सांगितलं, यायचं तर कामावरून थेट या.

आता भांडणाचा शेवट.

मडकं भरलं, भागीने ते डोक्यावर घेतलं, आणि ती वळणार तोच बस्त्याव पाटलाने घसा साफ केला. तो हरला होता, पण हरल्यासारखं दिसायला तयार नव्हता. मोठ्या मनाने हात उंचावून तो म्हणाला, "ने बाई, ने. गावाने दान दिलं म्हणून समज. पाय बरा झाला की चांगोला चर्चमध्ये येऊन सगळ्यांचे आभार मानायला सांग."

कोंसूबायने दोर खाली ठेवला. ती पाटलासमोर जाऊन उभी राहिली, आणि सबंध दुपारभरात पहिल्यांदाच ती हळू आवाजात बोलली:

"बस्त्याव, जे माणसाच्या हक्काचंच आहे ते त्याला दान म्हणून द्यायचं नसतं; ते निमूट त्याच्या हाती द्यायचं असतं, आणि द्यायला उशीर केला म्हणून आपणच त्याची माफी मागायची असते."