हुंकार देणारा कॉम्प्युटर

घरोघरी इंटरनेट पोचायच्या आधीच्या काळातला एक जाडजूड कॉम्प्युटर एकदा माळ्यावरून खाली उतरला. ऊर्मिलाताईंनी त्याची धूळ पुसली, मागे वायर खोचली आणि बजावलं, "आज राउटरशी जमवून घे, नाहीतर उद्या तुझी रवानगी भंगारात."

राउटर म्हणजे घरभर इंटरनेट वाटणारा. त्याने एका दमात हजार शब्द ओतले. म्हातारा पहिल्याच शब्दाला अडकला.

"अरे, थांब! एक शब्द सांग, मी 'हं' म्हणेन, मग दुसरा सांग. आमच्या वेळी हुंकार मिळाल्याशिवाय कोणी पुढे जात नसे."

"एवढा वेळ आहे कुणाला?" राउटर फणकारला. मोबाइल आणि टीव्ही खदखदून हसले.

संध्याकाळी ताई भंगारवाल्याला फोन लावू लागल्या. म्हाताऱ्याचा पंखा भीतीने घरघरायला लागला. राउटरला दया आली.

"बरं, आजोबा. नमस्कार."

"हं."

राउटर चपापला. तो दिवसभर बोलायचा आणि मोबाइल, टीव्ही सगळं गिळायचे, पण 'हं' असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्याने दुसरा शब्द सांगितला.

"हं. पुढे?"

पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं. ताईंनी फोन खाली ठेवला.

थोड्या वेळाने मोबाइल ओरडला, "ए राउटर, माझा सिनेमा अडकलाय! कुठे आहेस?"

"थांब रे जरा," राउटर म्हणाला. "इथे कुणीतरी ऐकतंय."