वैद्यबुवांचे पाच घास

एकदा एक गुळाचा व्यापारी बैलगाडीत बसून म्हाताऱ्या वैद्यबुवांच्या दारी आला. गाडीतून उतरायला त्याला दोन माणसांचा आधार लागला आणि ओसरीच्या तीन पायऱ्या चढताना दोनदा बसावं लागलं. नाव केरोबाशेट. बरोबर बायको आणि पाच वर्षांची मुलगी, मथू. धाप ओसरल्यावर शेटनी हात जोडले. उशिरा झालेली एकुलती एक पोर आहे, हिचं लग्न बघेपर्यंत तरी मला जगवा, म्हणाले. बाकी काही मागणं नव्हतं.

बुवांनी नाडी पाहिली, सुजलेले पाय पाहिले, पण औषधाची पुडी काही बांधली नाही. चार दिवस इथंच राहा म्हणाले आणि आत गेले.

बुवांचा शिष्य नरहरी हुशार, अंगानं काटक आणि जिभेचा तिखट. काटक माणसाला एक गर्व असतो बघा. आपण सडपातळ आहोत ते आपल्या संयमामुळं आणि समोरचा जाड आहे तो त्याच्या हावरटपणामुळं, असं त्याला मनोमन वाटत असतं. तुम्हाआम्हालाही वाटतं, उगाच नाही कशाला म्हणा. नरहरी स्वयंपाकघरात कुजबुजला, "बुवा, यात निदान कसलं करायचं? तोंडाला दोन टाके घातले की झालं."  शेट पुरे म्हणेपर्यंत वाढायचं आणि गप्प बघत बसायचं, एवढंच बुवांनी त्याला सांगितलं.

दुपारी पानं मांडली. नरहरीला वाटलं होतं, आता हा माणूस तुटून पडेल. पण शेट खाली मान घालून शांतपणे जेवत होते, शाळेत कित्ता गिरवावा तसे. बऱ्याच वेळानं त्यांचा हात थबकला. त्यांनी खोल श्वास घेतला. आता पुरे म्हणणार असं वाटतंय तोच त्यांनी भात पुढं ओढला आणि ओठांतल्या ओठांत मोजत आणखी पाच घास खाल्ले. मग पान बोटानं निपटून घेतलं. शेजारी मथू पुरे म्हणून मान फिरवत होती. तिलाही त्यांनी आपल्या हातानं मोजून पाच घास भरवले.

बुवांनी विचारलं, पोटात भूक होती का अजून? शेट गोंधळले. "भूक नक्की कशी असते ते मला सांगता यायचं नाही, बुवा. उन्हं माथ्यावर आली की जेवतो. पोट तट्ट झालं की वर पाच घास खातो. आमच्या घरचा नेम आहे तो."

नरहरीला हसू आवरलं नाही. असला नेम कुठल्या पोथीत सांगितलाय, असं तो विचारून बसला.

"पोथीत नाही," शेट साधेपणानं म्हणाले. "लहानपणी तापानं माझी पार काडी झाली होती. अन्नच जात नव्हतं. आईचं माहेर या गावातलं, तिनं इथल्या वैद्यांना दाखवलं. त्यांनी चाटण दिलं आणि सांगितलं, पोरगा पुरे म्हणाला की वर पाच घास भरवा. मग तिनं कधी चुकवलं नाही. शेवटच्या दुखण्यातसुद्धा विचारायची, केरू, वैद्यबुवांचे पाच घास घेतलेस ना रे?"

बुवांनी हलक्या आवाजात आईचं नाव विचारलं. भागाबाई, कासारआळीतली, शेट म्हणाले.

बुवा उठले. डोक्यावरची पगडी काढली आणि शेटच्या पायाशी ठेवली. नरहरी दचकला. पंचक्रोशी ज्यांच्या पाया पडते, ते आपले गुरू एका खादाड माणसापुढं वाकलेले त्याला बघवेनात. शेटनाही ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी पाय मागं घ्यायला पाहिलं, पण ते जड पाय चटकन मागं येईनात.

"तो वैद्य मीच," बुवा म्हणाले. "काय करायचं ते मी तिला सांगितलं. कुठवर करायचं ते सांगायचं राहून गेलं. महिनाभर, एवढंच म्हणायचं होतं. दारात दुसरा रोगी कण्हत होता, मी तिकडं वळलो. आणि त्या माउलीनं माझा अर्धा शब्द जन्मभर पाळला."

मग ते नरहरीकडं वळले. "पोटाला त्याची स्वतःची वाणी असते. ते दे म्हणतं, पुरेही म्हणतं. पुरे म्हटल्यावर रोज पाच घास घातले, की ते आपलं 'पुरे' पाच घास पुढं सरकवतं. त्यावर आणखी पाच. असं होता होता एक दिवस ते बोलायचंच सोडतं. हा माणूस हावरट नाही, नरहरी. हा आज्ञाधारक आहे. याच्या जागी तू असतास, तर तूही गाडीतूनच आला असतास."

नरहरीची मान खाली गेली. सकाळचं टाक्यांचं बोलणं आठवून त्याला स्वतःची लाज वाटली.

शेट रागावले नाहीत. रागावले असते तर बुवांना बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, की गेलेलं 'पुरे' परत येतं का? बुवा खोटं बोलले नाहीत. "थोडं येईल. सगळं यायचं नाही. मी पुन्हा भेटलो तो फार उशिरा." मग अंगणात खेळणाऱ्या मथूकडं बघून म्हणाले, "हिचं मात्र अजून शाबूत आहे."

दिवेलागणीला पुन्हा पानं मांडली. शेट मथूला भरवत होते. दहाबारा घास झाल्यावर ती म्हणाली, "पुरे." शेटचा हात सवयीनं भातात गेला, घास उचलला गेला, तिच्या तोंडापाशी आला. पोरीनंही सवयीनं आ केला. शेट त्या उघड्या तोंडाकडं बघत राहिले. 

"पुरे म्हणालीस ना, बाय? मग मीट तोंड," ते म्हणाले आणि घास पानात परत ठेवला. पानात टाकून उठणं म्हणजे शेटच्या घरात पाप. तरी मथू उठली आणि टुणटुणत हात धुवायला गेली. ते उष्टं पान नरहरीनं न सांगता उचललं आणि गाईपुढं नेऊन ठेवलं.

थोड्या वेळानं शेटचंही जेवण झालं, तरी ते आपल्या पानावरून उठले नाहीत. डोळे वाहत होते आणि ते ओठांतल्या ओठांत मोजत होते. बुवांनी त्यांना अडवलं नाही. पाचवा घास गिळून शेट म्हणाले, "उद्या एक कमी करीन. आज आईनं विचारलं असतं."