पुळणाईला देऊळ नाही

अहो ताई, तो शंख पिशवीत टाकू नका. थांबा जरा. आधी तळहातावर उताणा ठेवा, तोंडाजवळ धरा आणि विचारा, "आसा काय कोण घरात?" हसू नका हो! या खडपेबेटावर विचारल्याशिवाय शंख कोणी उचलत नाही. मी बाबी तांडेल, माझ्याच होडीतून सकाळी तुम्ही सुखरूप आलात, तेव्हा म्हाताऱ्याचं एवढं ऐकायला हरकत नाही. विचारलंत ना? आता हात हलवू नका. घरात कोणी असेल तर आपण होऊन नांगी बाहेर काढतं. बघा, बघा! काढली की नाही? जिथून उचललात तिथेच ठेवा आता. मालक घरी आहेत.

हा शंखातला खेकडा. बिचाऱ्याचं मागचं अंग अगदी मऊ, त्यावर कवच नाही. म्हणून तो दुसऱ्या कोणाचा रिकामा शंख शोधून त्यात राहतो, आणि अंग वाढलं की मोठा शंख शोधायला निघतो. आम्ही त्याला बिऱ्हाडकरू म्हणतो. रिकामे शंख दोन-चार वेचा, मला काही म्हणायचं नाही. पण विचारून.

आणि तो तिकडे भरतीच्या रेषेच्या जरा वर काळा दगड दिसतोय ना, शेंदूर लावलेला, भोवती मोठमोठ्या शंखांची रास असलेला? ती आमची पुळणाई. पुळण म्हणजे ही वाळू, तिच्यावर बसलेली आई. डोक्यावर छप्पर नाही, साधी घुमटी नाही. दर वर्षी कोणीतरी शहाणा येतो आणि विचारतो, "एवढी जागृत देवी आणि देऊळ नाही?" एकाने तर संगमरवरी फरशा होडीत घालून आणल्या होत्या. आल्या तशा परत पाठवल्या. देऊळ नव्हतं असं नाही. होतं. तिनंच सोडलं. बसा त्या सुरूच्या सावलीत, सांगतो. भरतीला अजून अवकाश आहे.

फार जुनी गोष्ट, माझ्या पणजोबांच्याही आधीची. तेव्हा देवी म्हणे बेटाच्या मध्यावर, माडांखाली, झापांच्या, म्हणजे विणलेल्या झावळ्यांच्या खोपीत असायची. तिचं तेव्हाचं नाव काय होतं ते आता कोणालाच आठवत नाही. माणसांची घरंही तशीच, झापांचीच. मग एका साली मासळी अशी लागली की जाळी ओढता ओढेनात. दाजी गावकराच्या मनात आलं, आईनं एवढं दिलं, तर तिला पक्कं देऊळ बांधायचं. गावकर म्हणजे बेटाचा मानकरी. देवीला गाऱ्हाणं घालायचं त्यानं, कौल लावायचा त्यानं, भांडणं मिटवायची त्यानं. माणूस वाईट नव्हता हो. देवीवर त्याचा जीव होता, एवढंच.

दगड इथल्या खडपातले निघाले. पण चुना? चुना आमच्याकडे शंखशिंपले भाजून करायचे. बेटावर भट्टी बांधली आणि गावकराने सांगितलं, बायकापोरांसकट सगळ्यांनी पुळणीवर उतरा. सगळे उतरले. देवीचं काम, कोण मागे राहणार? टोपल्याच्या टोपल्या भरल्या. अक्षरशः झाडून काढली म्हणतात ही पुळण. त्यातला रिकामा शंख कुठला, राहता कुठला, हे बघायचं कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. टोपली भरली की ओतली भट्टीत. आतून चिरचिर आवाज यायचा, तर म्हणायचे, ओले शिंपले वाजतायत. आता ते ऐकलं की अंगावर काटा येतो. पण तेव्हा ती माणसं भक्तीनं करत होती, आणि भक्तीनं करताना माणूस खाली बघत नाही.

देऊळ मात्र झालं असं, की समुद्रातून येणाऱ्या होड्यांना बेट दिसायच्या आधी ते दिसायचं. पांढरंशुभ्र, दुधात बुडवून काढल्यासारखं. गड्यांनी दोर लावून, घाम गाळून देवीचा दगड आत नेला आणि मधल्या चौथऱ्यावर बसवला. बेटानं डोळे भरून पाहिलं.

या दाजी गावकराची सून आवडू. किनाऱ्यावरच्या कातळवाडीची लेक, नुकती लग्न होऊन आलेली. तिच्या आईनं पाठवणीच्या वेळी ओटीत नारळ घातला आणि त्याच्याबरोबर एक मोठा शंख, माहेरच्या पुळणीवरचा. आठवण म्हणून. भट्टीसाठी घराघरातून शंख गोळा झाले तेव्हा आवडूनं तो तांदळाच्या मडक्यात लपवला. सासऱ्याच्या घरात राहून सासऱ्याशी लबाडी! पण केली तिनं, आणि बरं केलं.

वैशाख संपत आला आणि दक्षिणेकडून वादळ उठलं. कातळवाडी धुऊन गेली. घर म्हणून एक उरलं नाही. जगली वाचली ती माणसं मिळतील त्या होड्यांत बसली आणि इथे आली, कारण लेक दिली होती तिथे. त्यांच्यात आवडूची धाकटी बहीण होती, तुळसा. दिवस भरलेले, आज की उद्या अशी अवस्था. तिला होडीतून उचलूनच उतरवावं लागलं.

गावकराने त्यांना पेज दिली, कोरडी वस्त्रं दिली. पण ठेवायचं कुठे? झापांच्या खोपी त्या, आपलीच माणसं दाटीवाटीनं झोपायची. पक्क्या छपराचं एकच घर बेटावर, ते देवीचं. आवडू सासऱ्यासमोर गेली. सून सासऱ्यासमोर तोंड उघडायची नाही त्या काळी. ती म्हणाली, "मामांनू, देवळात जागा आसा."

गावकर हादरला. देवीच्या पायाशी संसार मांडायचा? तिथे बाळंतपण करायचं? पण माणूस प्रामाणिक, म्हणाला, माझं नको, आईचं ऐकू. त्यानं कौल लावला. कौल म्हणजे दोन पाकळ्या ओल्या करून देवीच्या अंगाला डाव्या-उजव्या बाजूस चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गावकराने हात जोडले, "आई, ही माणसां तुझ्या घरात तुझ्यावांगडा ऱ्हवांदेत?" सगळा गाव श्वास धरून उभा. पाकळी पडेना. उजवी नाही, डावी नाही. सावल्या लांबल्या तरी दोन्ही जिथल्या तिथे.

आईचं मन नाही, असा गावकराने अर्थ लावला. सकाळच्या ओहोटीला होड्या सोडा आणि पलीकडच्या बंदराला लागा, असं त्यानं पाहुण्यांना सांगितलं. दक्षिणेला आभाळ काळंभोर भरून आलेलं. त्या समुद्रात होडी घालायची म्हणजे काय, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. तुळसा काही पलीकडे पोचत नव्हती.

आवडूनं मडक्यातला शंख काढला. बहिणीला द्यायला दुसरं काही नव्हतंच तिच्याकडे. तो घेऊन ती होड्यांकडे निघाली, आणि याच पुळणीवर तिला रडू आवरेना म्हणून शंख वाळूवर ठेवून खाली बसली. तेव्हा तिनं पहिल्यांदा बघितलं. बिऱ्हाडकरू! कोणी करवंटीच्या तुकड्यात शिरलेला, कोणी बांबूच्या पेराला चिकटलेला, कोणी फुटक्या, तोकड्या शंखात अर्धा आत अर्धा बाहेर. आणि पुष्कळसे उघडेच, मऊ अंग वाळक्या पानाखाली ओढून बसलेले. कावळे एकेकाला टिपत होते.

तिच्या शंखापाशी एक मोठा खेकडा आला. नांगीनं त्यानं तोंड मोजलं, कड चाचपली. पण आत गेला नाही. थांबला. त्याच्यामागे त्याहून लहान येऊन उभा राहिला, त्याच्यामागे त्याहून लहान. बघता बघता रांग लागली, मोठ्यापासून बारक्यापर्यंत, शाळेत प्रार्थनेला पोरं लागतात तशी. मग पहिल्यानं आपला शंख सोडला. क्षणभर त्याचं सगळं मऊ अंग उघड्यावर होतं, वर कावळे होते. सर्रकन तो मोठ्या शंखात गेला. दुसरा त्याच्या रिकाम्या शंखात, तिसरा दुसऱ्याच्या, अशी अख्खी रांग सरकली. आणि शेवटी उघडा थरथरत उभा असलेला, एवढासा, त्यालासुद्धा घर मिळालं. शंख एकच ठेवला होता तिनं!

ताई, हे खोटं नाही. नशिबात असेल तर तुम्हालाही दिसेल. मी पाहिलंय, आणि पाहिलं तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले. मग आवडूचं काय झालं असेल?

ती तशीच देवळाकडे धावली. उंबऱ्यावर उभी राहिली आणि गाऱ्हाणं घालायचा मान नसताना तिनं घातलं. "आई, ह्यांची घरां जाळून तुझा घर बांधला. तुका ठावक होता? तू मोठी आसंस. मोठ्यान पयल्यान हलाक होया. तू हललंस तर तुका एकटी सोडूचंय नाय. माझ्या डोक्यारय छप्पर नको." एवढं बोलली आणि बहिणीपाशी जाऊन बसली.

सकाळी गावकर पूजेला गेला तर चौथरा रिकामा.

बोंब उठली, सगळे धावले. देवी इथे होती. तुम्ही बघताय ना, अगदी तिथे, पुळणीवर, समुद्राकडे तोंड करून. गड्यांना दोर लावून हलवावा लागलेला दगड, आणि वाळूवर ओढल्याची एक रेघ नाही. माणसाचं पाऊल नाही. होती ती फक्त खेकड्यांची नखं, देवळाच्या पायरीपासून दगडापर्यंत, इतकी दाट की बोट ठेवायला जागा नव्हती म्हणतात. त्यांनी आणली की ती उठून चालली आणि ते वाट दाखवायला पुढे होते? मला विचारू नका. मी बघायला नव्हतो. पण इथे आलो की मी चप्पल लांब काढतो.

गावकराने तिथेच वाळूवर कौल लावला. "आई, घराक येतंस..." प्रश्न पुरा व्हायच्या आत डावी पाकळी खाली. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आदल्या दिवशी त्यानं विचारलं होतं, ही माणसं तुझ्याबरोबर राहू देत का. आईला बरोबर कोणी नको होतं. तिला जागा करून द्यायची होती, म्हणून पाकळी ना उजवी पडली, ना डावी. गावकर वाळूत उपडा पडला, ढसाढसा रडला, आणि उठला तो थेट होड्यांकडे गेला. तुळसाचं गाठोडं त्यानं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. गावकराच्या डोक्यावर बायकांचं गाठोडं, बेटानं असं कधी पाहिलं नव्हतं. दुपारी पाऊस कोसळला तेव्हा तुळसा पक्क्या छपराखाली होती, आणि देवळात तान्ह्या पोरीचं रडणं घुमत होतं.

आवडूनं बोलल्याप्रमाणे केलं. देवीशेजारी वाळूवर पथारी टाकली. नवरा तिचा बापासमोर कधी तोंड न उघडणारा. तोही घोंगडी घेऊन आला आणि तिच्या शेजारी बसला. दोघांनी छप्पर असं पुन्हा कधी घेतलं नाही म्हणतात. आणि तेव्हापासून या बेटावर कोणी चुना भाजला नाही. नवी सून येते ती माहेरच्या पुळणीवरचा मोठा शंख घेऊन येते, आणि घरात पाऊल टाकायच्या आधी पुळणाईपाशी ठेवते.

आणि ते देऊळ? मघाशी तुम्ही जिथे चहा घेतलात ना, ते. हो, माझं घर! तुळसाची ती पोर आमच्या घराण्याची मूळ बाई. मधल्या खोलीत चौथरा अजून आहे. त्यावर आम्ही काही ठेवत नाही.

आजही मृगाच्या आदल्या दिवशी आम्ही घर रिकामं करतो. चूल विझवायची, भांडी, अंथरुणं, माणसं, सगळं अंगणात. घर सारवायचं, दारं सताड उघडी टाकायची. मग घरातल्या वडील माणसानं इथे येऊन कौल लावायचा. "आई, घर तुझा आसा. आमी रिकामा केलंव. येतंस?" उजवी पडली तर निघायचं, त्यात दुसरा विचार नाही. लहानपणी आई मला पोटाशी घट्ट धरून अंगणात उभी असायची. ती कशाला घाबरते तेव्हा कळायचं नाही.

गेल्या साली सून ओली बाळंतीण. पाऊस सकाळीच आला. ती पोराला पदराखाली घेऊन अंगणात, डोक्यावर धरलेलं इरलं वाऱ्यानं उलटं झालेलं. मी इथे चिंब भिजून हात जोडून उभा, आणि पाकळी हलेना. खरं सांगतो, त्या वेळी मनात आलं, मागावं का, आई, या वर्षी नको. नाही मागितलं. घर तिचं आहे, येऊ दे तिला, म्हटलं. आणि पाकळी सुटली. डावी.

म्हातारा मी, पण असा धावलो! वाटेतूनच ओरडलो, "आत जावा गो! आई भायरच ऱ्हवतली म्हणता!" सगळे आत गेले, पोराचं रडं थांबलं, चूल पेटली. दार लावताना मी पुळणीकडे बघितलं. एवढा पाऊस पडत होता, आणि ती बसली होती भिजत.