वस्तादांच्या मागची हवा

“पण वस्ताद, मी तुम्हाला एकदासुद्धा सोडलं नाही. मग मागं कशी राहिले?”

दुर्वा चौगुलेने हेल्मेट कठड्यावर ठेवलं. ठेवलं म्हणण्यापेक्षा आपटलं म्हणणं खरं.

इलाही वस्ताद अजून गाडीतून उतरतच होते. माणूस साठी ओलांडलेला, आणि गाडी एका माणसापुरती. वर छप्पर नाही, चारही चाकं उघडी, अंगाबाहेर. आत शिरायला अंग चोरावं लागतं आणि बाहेर यायला देवाचं नाव घ्यावं लागतं. वस्तादांनी अल्लाचं घेतलं, कसेबसे उतरले आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली.



कोल्हापुरात जो कुणी काही शिकवतो तो वस्ताद होतो. मग तो कुस्ती शिकवो, नाहीतर शर्यतीची गाडी. इलाही मुजावर तरुणपणी मद्रासकडच्या शर्यती गाजवून आले होते. आता शहराबाहेरच्या माळावर, या ट्रॅकवर, पोरांना तयार करत. शिकवायचे म्हणजे फारसं बोलायचे नाहीत. लोक म्हणत, वस्तादांचं तोंड उघडायला पाना लागतो.

दुर्वा पैलवानाची मुलगी. लहान कार्ट गाड्यांच्या शर्यतीत तिने इतके चषक आणले होते की आईने त्यातल्या सगळ्यात मोठ्या चषकात चमचे ठेवायला सुरुवात केली होती. पोरीला गर्व होता, आणि तो झाकायचा खटाटोप ती करत नसे.

उद्यमनगरातल्या एका कारखानदाराने कोइमतूरच्या शर्यतींच्या मोसमासाठी एक गाडी उभी केली होती. गाडी एक, बसणारा एक. वस्ताद म्हणतील तो बसेल, असं त्याने सांगून टाकलं होतं. पुण्याचा एक मुलगा तयारच होता. दुर्वाला ती जागा हवी होती. आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

वस्तादांनी सकाळीच अट घातली होती.

“दिवस मावळायच्या आत मला एकदा मागं टाक. चाकाला चाक न लावता. गाडी तुझी.”

ती तेव्हा हसली होती. म्हाताऱ्या माणसाला मागं टाकायचं, त्यात काय मोठं. आता उन्हं कलली होती आणि ते हसू कधीच वाळून गेलं होतं.

दर फेरीला तेच व्हायचं. ट्रॅकच्या टोकाला बाभळीचं एक झाड आहे, म्हणून त्या वळणाला बाभळीचं वळण म्हणतात. लांबलचक, वेगातलं वळण. ती वस्तादांच्या शेपटाला चिकटून तिथवर यायची. वस्तादांची गाडी रुळावरून जावी तशी वळून जायची. हिची मात्र ऐनवेळी आडमुठी व्हायची. चाकं वळवली तरी नाक वळायचं नाही. पुढचे टायर किंचाळत बाहेर घसरायचे. तिने गाडी सावरेपर्यंत वस्ताद पुढच्या सरळ पट्ट्याला लागलेले असायचे.

सरळ पट्ट्यावर वस्तादांची गाडी वारा फोडत जायची. त्या फुटलेल्या वाऱ्यात शिरलं की मागच्या गाडीला अडवायला काही उरत नाही, कुणीतरी पुढून ओढून घेतल्यासारखी ती धावते. दुर्वाची गाडीही धावायची, जवळ जवळ जायची... आणि पट्टा संपायचा. चार बोटं कमी पडायची.

मग तिने गाडीला दोष दिला. वस्तादांनी आपली गाडी तिला दिली आणि स्वतः तिच्या गाडीत बसले. बाभळीपाशी आता वस्तादांची गाडी आडमुठी झाली आणि तिची जुनी गाडी गुणी बाळासारखी वळून गेली. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तिला शाळेत होती. त्या दिवशी ती तिला नीट पाठ झाली.

म्हणून तो प्रश्न. सोडलं नाही, तर मागं कशी राहिले...

वस्तादांनी बाटलीचं झाकण लावलं.

“सोडलं नाहीस म्हणूनच की.”

एवढंच बोलून ते परत गाडीत बसायला लागले. दुर्वाला तो टोमणा वाटला. तिचे कान तापले.

तिच्या वडिलांनी, अप्पांनी, तिला लहानपणापासून एकच गोष्ट सांगितली होती. समोरच्याला श्वास घ्यायला जागा दिलीस की कुस्ती गेली. ती मनाशी म्हणाली, अजून चिकटते. बघू या.

पुढच्याच फेरीत ती इतकी जवळ गेली की तिचं पुढचं चाक वस्तादांच्या मागच्या चाकापाशी जाऊन भिडायचंच काय ते राहिलं. मध्ये जेमतेम वीतभर जागा.

वस्तादांनी हात वर केला. दोन्ही गाड्या आत आल्या.

या वेळी ते भरभर उतरले. कठड्याजवळ जुने टायर पडले होते, त्यातला एक त्यांनी उभा करून घरंगळत सोडला आणि दुसरा त्याच्यामागे जोरात ढकलला. मागचा टायर पुढच्याला नुसता टेकला. टेकला आणि त्याच्यावर चढून उडाला, कठडा ओलांडून पार पलीकडच्या गवतात जाऊन पडला.

गाड्यांची देखभाल करणारा शिवगोंडा पाना हातात धरून तसाच उभा राहिला.

“कार्टला बाजूनं बंपर असतो,” वस्ताद म्हणाले. “धक्का मारून जाता येतं. इथं चाकं उघडी. चाकाला चाक लागलं की मागचं उडतंय.”

दुर्वा गवताकडे बघत होती.

“त्यो टायर हुता, पोरी. आत कोण नव्हतं.”

...

तिला भीती वाटली. खरीखुरी. आणि तिच्या पाठोपाठ रडू आलं, कारण सूर्य डोंगराकडे झुकला होता आणि तिला उपाय सुचत नव्हता. चिकटावं तर मरण, सोडावं तर हार. पण रडणाऱ्यातली ती नव्हती. तिने बाहीने नाक पुसलं आणि हेल्मेट उचललं.

“परत जाते.”

“थांब.”

वस्तादांनी पिशवीतून आपली लाल माकडटोपी काढली. ही टोपी वस्ताद बारा महिने जवळ बाळगत. तिच्यावरून आख्खा ट्रॅक त्यांची थट्टा करत असे. त्यांनी टोपीचं एक टोक दातांत धरलं, लोकर उसवली आणि तिचे वीत वीत लांबीचे तुकडे तोडले. मग चिकटपट्टी घेऊन ते दुर्वाच्या गाडीपाशी खाली बसले. काही धागे त्यांनी गाडीच्या नाकावर चिकटवले, काही पुढची चाकं धरून ठेवणाऱ्या दांड्यांवर. एक टोक चिकटवलेलं, दुसरं मोकळं.

शिवगोंडा म्हणाला, लग्नाची गाडी सजवताय काय वस्ताद. कुणी हसलं नाही.

“हे कशाला?” दुर्वाने विचारलं.

“वारं दिसत न्हाई न्हवं तुला...”

“मग?”

“मला बघू नको. धागं बघ.”

ती निघाली. पहिली फेरी टायर गरम करण्यात गेली. थंड टायर रस्ता धरत नाहीत, एवढं तिला कुणी सांगायला नको होतं. तोवर धागे नाकावर सरळ मागे झोपून होते, तेल लावून विंचरलेल्या केसांसारखे.

मग ती वस्तादांच्या मागे लागली. नेहमीसारखी जवळ, पण मध्ये हातभर जागा राखून. बाभळीचं वळण आलं. तिने धाग्यांकडे पाहिलं.

धागे उठले होते. एक वर, एक आडवा, एक चक्क उलटा पुढे. खुराड्यात मांजर शिरल्यावर कोंबड्यांची व्हावी तशी त्यांची गत झाली होती.

या गाड्यांना पुढे-मागे पंख असतात. विमानाचे पंख विमान उचलतात. हे उलटे, वाऱ्याच्या जोरावर गाडीला खाली दाबून धरतात, म्हणून ती वेगात वळते. हे दुर्वाने वाचलं होतं, घोकलं होतं, विचाराल तेव्हा सांगितलंही असतं. पण आज पहिल्यांदा तिने ते पाहिलं. तिच्या पंखाला मिळत होती ती वस्तादांची गाडी घुसळून गेलेली, उष्टी हवा. ती दाबणार कशी? गाडी आडमुठी नव्हती. उपाशी होती.

आता काय करायचं ते तिला कळलं. कळलं आणि ते करवेना.

सूर्याची कड डोंगराला टेकली होती. आणखी एक फेरी, फार तर दोन. पुढे वस्ताद, हाताच्या अंतरावर. आणि अशा वेळी, पाय वेगाच्या पेडलवर दाबून ठेवायचा सोडून तो उचलायचा? आपण होऊन त्यांना जाऊ द्यायचं? अप्पा बघत असते तर त्यांनी मान खाली घातली असती.

वळणाच्या अलीकडे, वस्ताद अगदी समोर असताना, तिने पाय उचलला.

वस्ताद लांब गेले. एक गाडी, मग दोन गाड्या मावतील एवढं अंतर पडलं. तिला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

धागे एकेक करून खाली बसले.

तिने चाकं वळवली आणि नाक आत गेलं. नुसतं गेलं नाही, ओढ घेऊन गेलं. वळण अजून अर्धं बाकी होतं तेव्हाच तिने वेगावर पाय दिला आणि गाडी तिच्या पाठीला ढकलत बाभळीवरून सुटली. पट्ट्याला लागली तेव्हा वस्ताद पुढेच होते, पण आता ते तिच्याकडे येत होते. मोठे होत होते. फुटलेल्या वाऱ्याने तिला ओढून घेतलं आणि ऐनवेळी तिने गाडी त्यातून बाजूला काढली. वस्तादांच्या उघड्या चाकाला आपल्या चाकाची हवाही लागू नये एवढी जागा ठेवली. शेजारी कोण आहे ते तिने पाहिलं नाही. समोर पट्टा जिथे संपून वळत होता, तेवढंच तिला दिसत होतं.

तिथे ती पहिली पोचली.

आत आल्यावर ती गाडीतून उतरली आणि चाकाला टेकून जमिनीवरच बसली. आता मात्र ती रडली, पोटभर, आणि कुणी बघतंय याची तिला लाज वाटली नाही.

वस्ताद सावकाश आले, सावकाश उतरले. शिवगोंडाला त्यांनी रंगाचा डबा काढायला सांगितलं. कोइमतूरच्या गाडीवर चौगुलेंच्या पोरीचं नाव घाल म्हणाले. कारखानदाराला फोन उद्या करू, आज त्याला झोपू दे.

मग ते दुर्वाच्या गाडीपाशी खाली बसले आणि नाकावरचे धागे उपटायला लागले.

दुर्वा धडपडत उठली.

“राहू देत की, वस्ताद. शर्यतीत नसले तरी सरावाला राहू देत.”

वस्तादांनी दुसरा धागा उपटला.

तिने खूप आर्जव केलं. तिथे सगळे अनोळखी असतील, पुढे कुणाची गाडी असेल कोण जाणे. सोडायचं कधी आणि धरायचं कधी, हे धाग्यांशिवाय तिला कसं कळणार? नाहीतर तुम्ही तरी चला, म्हणाली. कठड्याशी उभं राहून खूण करा.

वस्तादांनी शेवटचा धागा काढला. सगळ्या धाग्यांची गुंडाळी करून ती उसवलेल्या टोपीत ठेवली आणि टोपी पिशवीत. गुडघ्यावर हात देऊन ते उभे राहिले. डोंगरामागे सूर्य गेला होता आणि बाभळीचं झाड काळं दिसत होतं.

“वस्ताद... काहीतरी बोला.”

“मला मागं टाकलंस, तवा धागं कसं हुतं?”

ती आठवत राहिली. “तेव्हा... मी धाग्यांकडे बघितलंच नाही.”

वस्तादांनी पिशवी खांद्याला लावली.

“मग कोइमतूरला काय बघणार हुतीस?”