उरलेली लाकडं

"राज्याला हे परवडणार नाही, बुवा. माझं बरोबर आहे का, तेवढं फक्त सांगा."

नारबुवा मठाच्या पडवीत बसून सुपात तुळशीच्या वाळल्या मंजिऱ्या चोळत होते.

अच्युतने बॅगेतून टिपण काढलं. राज्यातल्या प्रत्येक माणसाच्या आजारपणाचा सगळा खर्च सरकारनेच उचलावा का, याचा निकाल त्या सोळा पानांत होता. उद्या सकाळी त्याखाली अच्युतची सही व्हायची होती. अर्थखात्यात त्याच्या शब्दाला वजन होतं. अच्युतराव नाही म्हणाले की मंत्र्यांचीही हो म्हणायची छाती होत नसे, आणि हे अच्युतरावांना चांगलं ठाऊक होतं.

मग सही करायची सोडून स्वारी डोंगरातल्या या कारवडे गावात कशाला आली? तर शाळेची सहा वर्षं तो याच पडवीत वाढला होता. साऱ्या जगाने मान डोलावली तरी बुवांची मान हलल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आता पन्नाशी आली, तरी ही खोड गेली नव्हती.

"फुकट म्हटलं की लोक शिंक आली तरी रांग लावतील," तो म्हणाला. "म्हातारी माणसं वाढतायत. औषधं महाग होतायत. कितीही ओतलं तरी पुरायचं नाही."

"हं."

"दया मलाही येते, बुवा. पण अंथरूण पाहून पाय पसरावे लागतात."

"अंथरूण कुणाचं?"

अच्युत उत्तर देणार, तेवढ्यात वरच्या आळीतून हाळी आली. लांबलचक, एकाच सुरात. मग खालच्या आळीने ती उचलली.

बुवांनी सूप खाली ठेवलं. पडवीच्या कोपऱ्यात रचलेल्या जळणातून त्यांनी एक लाकूड स्वतःच्या खांद्यावर घेतलं, आणि दुसरं अच्युतच्या हातात दिलं.

"हे काय?"

"गावात कुणी गेलं की घरटी एक लाकूड. विसरलास?"

तो विसरला होता.

पायवाटेने दोघं ओढ्याकडे निघाले. सालीचा भुसा अच्युतच्या इस्त्रीच्या शर्टावर पडत होता. तो झटकायला त्याचा हात मोकळा नव्हता.

"कोण गेलं?"

"गजरा."

अच्युतचे पाय जागच्या जागी थांबले.

गजरामावशी मठात झाडलोट करायची. एकादशीला सगळा मठ उपाशी असायचा, आणि दहा वर्षांच्या अच्युतच्या पोटात कावळे ओरडायचे. तेव्हा ती मागच्या दाराने भाकरी आत सरकवायची आणि म्हणायची, "खा गुमान. द्येव काय बगत न्हाई."

"मला कुणी कळवलं नाही..."

बुवा पुढे चालत राहिले.

ओढ्याकाठी माणसं येत होती. पाटलाच्या घरून आंब्याचा ओंडका आला, दोघांनी मिळून उचललेला. एका म्हातारीने पदरातून दोन शेणी आणल्या, तिच्या घरात तेवढंच होतं. कुणी कुणाचं लाकूड उचलून पाहिलं नाही. सगळं एकाच सरणावर चढत होतं.

अच्युतने सवयीने मोजायला सुरुवात केली. एकाहत्तर घरांचं गाव. चाळीस घरांतच सरण पुरं झालं. तरी माणसं येतच राहिली. नंतर आलेली लाकडं बाजूला पडू लागली.

त्याने आपलं लाकूड मात्र सरणावरच ठेवलं. मावशीचा चेहरा एवढासा झाला होता. त्याला ओळखू येईना, आणि त्याची त्याला लाज वाटली.

सरण पेटलं. तो बुवांशेजारी येऊन उभा राहिला. बुवांनी आपल्याला इथं का आणलं, हे न कळण्याएवढा तो खुळा नव्हता.

"बुवा, लाकूड रानात मिळतं," तो हळू आवाजात म्हणाला. "औषध रानात मिळत नाही."

"खरं आहे."

"आणि मरण माणसाला एकदाच येतं. आजारपण दर वर्षी येतं."

"तेही खरं."

"मग?"

एवढ्यात मावशीचा नवरा, नाथातात्या, काठी टेकत जवळ आला. त्याने अच्युतला खालीवर न्याहाळलं. शर्टावरचा भुसा पाहिला, आणि हात जोडले.

"तुमी बी लाकूड आनलंत, सायेब. लई झालं."

"तात्या, काय झालं होतं मावशीला?"

"पोटात गाठ हुती. वरीस झालं. जिल्ह्याच्या दवाखान्यात दोन येळा न्हेली. तितं म्हनले, सरकारी योजनंची आजारांची यादी असती, त्यात ही गाठ बसत न्हाई. पैशे भरा, न्हाईतर घरी न्ह्या."

ती यादी त्याला तोंडपाठ होती. आठ वर्षांपूर्वी ती त्याच्या टेबलावर आली तेव्हा दुप्पट लांब होती. लाल पेनाने त्याने ती एका दुपारी निम्म्यावर आणली. त्याबद्दल त्याचा सत्कारही झाला होता. त्यातली शाल अजून त्याच्या कपाटात होती.

"मी म्हनलं, म्हस इकतो," तात्या सांगत होता. "तर म्हनली, नातवांच्या तोंडचं दूध काढू नगा. मंग म्या म्हनलं, अच्युतला कळवू, त्यो मोटा सायेब हाय. तर ती बी नगं म्हनली. त्याच्यामागं राज्याचा येवडा कारभार, त्याला कशापायी तरास..."

अच्युतने भुशाने भरलेल्या बाहीने डोळे पुसले.

तात्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. ज्याचं घर रिकामं झालं, तोच त्याला धीर देत होता. "रडू नगा. गाव हाय माज्यामागं," तो म्हणाला आणि जाळाकडे परत गेला.

ऊन कललं. एकेक जण ओढ्यात पाय धुऊन घरी निघाला. शेवटी दोघंच उरले. सरणाच्या बाजूला अच्युतच्या कमरेएवढा लाकडांचा ढीग तसाच पडला होता.

"या उरलेल्या लाकडांचं काय करतात?" अच्युतने विचारलं.

"काही नाही. मेलेल्यासाठी आणलेलं घरी परत न्यायचं नसतं."

"मग कुजतात?"

"कुजतात."

अच्युत ढिगाकडे पाहत राहिला. मठातल्या पडवीत, सुपाशेजारी, सोळा पानं तशीच पडली होती. वाऱ्याने उडाली असती तर बरं, असं त्याला वाटलं. पण वारा नव्हता.

"बुवा... मी टिपणात काय लिहू?"

बुवांनी ओढ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडावरून फिरवलं, आणि म्हणाले,

"लिही, गजराला लाकडं कमी पडली नाहीत."