सरांचा पाट

“मग सर, तुमचा पाट मेला असं लिहू का?”

हेमांगीनं विचारलं खरं, पण शेवटी तिचा आवाज खाली गेला. वेंगुर्ल्याला सरांच्या अंगणात मी शेजारीच चहा पीत बसलो होतो. आम्ही दोघंही त्यांचेच विद्यार्थी. मी कप खाली ठेवला.

पेडणेकर सरांनी उभं आयुष्य समुद्राच्या तळाशी घातलं. किनाऱ्यापासून लांब तळ एकदम खोल घसरत जातो, त्या उतारावर त्यांनी एक पाट शोधला होता. गाळानं जड झालेलं पाणी स्वच्छ पाण्याखालून धावतं, वाट कोरतं, बाहेर सांडलेल्या गाळाचेच काठ बांधतं... हे त्यांनी आम्हाला जहाजावर शिकवलं. आम्ही उलट्या करत शिकलो. पण काय दिवस होते ते!

आता सरांच्या खुर्चीत हेमांगी. नव्या यंत्रांनी तिनं तोच उतार पाहिला, तर सरांचा पाट गाळानं भरून गेलेला आणि शेजारून नवा फुटलेला. शोध तिचा, नावही तिचंच होणार. त्याचा तोरा होताच. पण सरांचं मन मोडेल या धास्तीनं तिची झोप उडाली होती.

सरांनी अंगणातल्या काचेच्या टाकीकडे बोट दाखवलं. कॉलेजनं भंगारात काढली तेव्हा ती त्यांनी घरी आणली होती. पाण्याखाली वाळूचा उतार, त्यावर सरांनीच ओतलेल्या चिखलाचा पाट.

“ओत,” सर म्हणाले.

हेमांगीनं आधी फळी उचलली. तिच्या प्रयोगशाळेत दर वेळी उतार सारखा करून मगच ओततात.

सरांनी तिचं मनगट धरलं.

आमच्या वेळी फळी नव्हतीच. आधीच्यानं ओतलेल्यावरच पुढच्यानं ओतायचं, अशी सरांची शिस्त. हेमांगीबाई साफ विसरल्या होत्या.

तिनं फळी ठेवली आणि बादलीतला पातळ चिखल ओतला. तो सरांच्या पाटात शिरला, थोडा धावला, मंदावला. पाट काठोकाठ भरला. तिनं पुन्हा ओतलं. काठ फुटला आणि चिखल शेजारून नव्या वाटेनं खाली गेला.

हेमांगीनं रिकामी बादली खाली ठेवली.

“सर, वाईट वाटलं का हो?”

सरांनी तिच्या हातावरचा चिखल आपल्या पंच्यानं पुसला.

“भरला नसता, तर वाटलं असतं.”